स्वराची ओळख कशात असते?
डिजिटल ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड यांच्या निमित्ताने

ध्वनीचा धडा शिकवताना आपण स्वराची तीन लक्षणे सांगतो. स्वराची उच्चनीचता वारंवारतेवर अवलंबून असते, त्याचा लहानमोठेपणा कंपनांच्या आयामावर, आणि त्याचा गुण मूळ स्वरात मिसळलेल्या संनादी स्वरांवर. या तिसऱ्या लक्षणाला काही पुस्तकांत स्वराची 'जाती' असेही म्हटलेले असते. बासरी आणि व्हायोलिन यांनी एकच स्वर तितक्याच मोठ्याने काढला तरी डोळे मिटून आपण दोन्ही वाद्ये वेगळी ओळखतो, ते या गुणामुळे.

हे विधान चुकीचे नाही. पण ते पुरेसे आहे का? तपासण्याचा एक सरळ मार्ग आहे. तेवढ्याच माहितीवरून एखाद्या वाद्याचा आवाज कृत्रिमरीत्या बनवायचा आणि तो खऱ्याशी जुळतो का ते ऐकायचे. जुळला नाही, तर काय राहून गेले त्याचा शोध घ्यायचा. विजेवर चालणारी आणि पुढे डिजिटल वाद्ये बनवणारे लोक १९३० च्या दशकापासून नेमके हेच करत आले आहेत. आज बाजारात मिळणाऱ्या डिजिटल हार्पसिकॉर्डमध्ये एकही तार नसते आणि डिजिटल ऑर्गनमध्ये एकही नळी नसते. असते ती पट्ट्यांची ओळ, इलेक्ट्रॉनिक मंडल आणि कर्णे. तरीही शेकडो वर्षांपूर्वीच्या वाद्याचा आवाज त्यातून येतो. तिथवर पोचताना स्वराच्या गुणाबद्दल जे कळत गेले, ते आपल्या वर्गालाही उपयोगी आहे.

दोन जुनी वाद्ये

महाराष्ट्रात ऑर्गन म्हटले की संगीत नाटकाला साथ करणारा पायपेटीचा ऑर्गन आठवतो. त्यात आणि हार्मोनियममध्ये धातूच्या पातळ पत्त्या हवेच्या झोताने कंप पावतात. युरोपातील चर्चमधला ऑर्गन निराळा. त्यात प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी असते. पट्टी दाबली की त्या नळीखालची झडप उघडते, भात्यातली हवा नळीत शिरते आणि नळीतला हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. बऱ्याचशा नळ्या बासरीच्या किंवा शिट्टीच्या तत्त्वावर बोलतात. काहींच्या तळाशी पितळी पत्ती असते.

नळीची लांबी वारंवारतेवरून काढता येते. दोन्ही टोकांना उघड्या नळीत मूळ स्वराची अर्धी तरंगलांबी मावते. ६५.४ हर्ट्झचा स्वर हवा असेल आणि हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर लांबी ३४३ ÷ (२ × ६५.४), म्हणजे सुमारे २.६ मीटर येते. कंप पावणारा हवेचा स्तंभ नळीच्या टोकाबाहेर थोडा पसरलेला असल्याने प्रत्यक्ष नळी याहून जराशी आखूड, सुमारे ८ फुटांची असते. म्हणून अशा नळ्यांच्या रांगेला 'आठफुटी' म्हणतात. एक सप्तक खाली जाणारी सोळाफुटी, एक सप्तक वर जाणारी चारफुटी. वरचे टोक बंद केले तर निम्म्या लांबीत तोच स्वर मिळतो, पण त्यात विषम पटीतले संनादी स्वरच प्रामुख्याने उरतात आणि आवाज पोकळ वाटतो. एका पट्टीसंचात ६१ पट्ट्या असतील तर एका रांगेत साधारण तितक्या नळ्या लागतात, आणि मोठ्या ऑर्गनमध्ये अशा कितीतरी रांगा असतात. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या मोठ्या ऑर्गनमध्ये सुमारे ८,००० नळ्या आहेत.

हार्पसिकॉर्ड हे तारवाद्य आहे. पियानोत हातोडी तारेवर आपटते, जशी संतूरवर काडी आपटते. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, जशी सतारीची तार नखीने छेडतात. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली लाकडाची चपटी काठी वर उचलली जाते. तिच्या कडेला पक्ष्याच्या पिसाच्या देठापासून केलेली छोटी नखी असते. हल्ली ही नखी बहुधा प्लॅस्टिकची असते. नखी तारेला छेडून वर जाते. पट्टी सोडली की काठी खाली येते, नखी मागे झुकून तारेला हलकेच घासून जाते आणि काठीवरचा लोकरीचा तुकडा तारेवर टेकून तिला गप्प करतो. पट्टी जोराने दाबली काय किंवा हळू दाबली काय, आवाजाच्या मोठेपणात फारसा फरक पडत नाही. पियानोचा जन्म १७०० च्या आसपास इटलीत झाला. त्यावर मोठा आणि हलका दोन्ही प्रकारचा आवाज काढता येत असल्यामुळे अठराव्या शतकाच्या अखेरीस हार्पसिकॉर्ड मागे पडले. योहान सेबास्टियान बाख (१६८५–१७५०) यांनी मात्र आपली पट्टीवाद्यांची रचना मुख्यतः याच दोन वाद्यांच्या परंपरेत केली. तो काळ ऐकायचा तर ही वाद्ये लागतात. पण ऑर्गन इमारतीला जखडलेला असतो, आणि हार्पसिकॉर्ड हवेतील दमटपणा थोडा बदलला तरी बेसूर होते. म्हणून त्यांच्या प्रतिकृतींची गरज.

पाठ्यपुस्तकातील उत्तर प्रत्यक्षात उतरवले तेव्हा

कोणत्याही आवर्ती तरंगाची फोड साध्या ज्या-तरंगांमध्ये करता येते, हे फूरिए यांचे गणित. हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते ध्वनीला लावले. एखाद्या स्वरात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे संनादी स्वर कोणत्या प्रमाणात आहेत, यावर त्याचा गुण ठरतो. म्हणजे स्वराची एक पाककृतीच झाली. प्रमाण कळले की पदार्थ बनवता यायला हवा.

अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ मध्ये बाजारात आणलेला विद्युत ऑर्गन म्हणजे हीच पाककृती. त्यात ९१ दंतुर धातुचकत्या एका मोटारीने सतत फिरत असत. प्रत्येक चकतीसमोर चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे. चकतीचा दात चुंबकाजवळून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. दहावीच्या पुस्तकातील विद्युतचुंबकीय प्रवर्तनच हे. दातांची संख्या आणि फिरण्याचा वेग यांवरून प्रत्येक चकतीची वारंवारता ठरे. वादकासमोर नऊ सरकत्या दांड्या असत. मूळ स्वर किती, दुसरा संनादी किती, तिसरा किती, हे त्या कमीजास्त ओढून ठरवता येई.

नळ्यांच्या ऑर्गनचे सारे रंग या यंत्रातून मिळतात अशी जाहिरात झाली आणि प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे गेले. १९३७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये चाचणी घेण्यात आली. तेथील मोठा नळ्यांचा ऑर्गन आणि हॅमंडचे यंत्र आळीपाळीने वाजवायचे आणि कोणते वाजत आहे ते श्रोत्यांनी न पाहता सांगायचे. संगीतातील जाणकारांची उत्तरे सुमारे एकतृतीयांश वेळा चुकली, विद्यार्थ्यांची जवळजवळ निम्मी. निम्मी उत्तरे चुकणे म्हणजे नाणे उडवून सांगण्यासारखेच. तरीही १९३८ मध्ये आयोगाने कंपनीला काही दावे मागे घ्यायला लावले, आणि 'ऑर्गन' हे नाव मात्र यंत्राला कायम राहिले.

एवढे लोक फसले, म्हणजे पाककृती बरोबर होती असे म्हणायचे का? इथे थोडे थांबायला हवे. फसण्यात त्या उंच चॅपेलचाही वाटा असणार. अशा वास्तूत घुमारा दीर्घकाळ टिकतो, एक स्वर दुसऱ्यात मिसळतो, आणि प्रत्येक स्वराचा आरंभ व शेवट झाकला जातो. उरते ते स्वराचे स्थिर अंग, आणि हॅमंडच्या यंत्राला नेमके तेच येत होते. लहान खोलीत, जवळून, सुटे सुटे स्वर ऐकले की फरक लपत नाही. नळ्यांचा ऑर्गन ज्यांच्या कानात बसला आहे, त्यांना आज हॅमंडचे यंत्र एक वेगळे, स्वतंत्र वाद्य म्हणूनच ऐकू येते.

स्वराचा आरंभ आणि शेवट

संनादी स्वरांचे प्रमाण पुरेसे नाही, हे दाखवणारा एक सोपा प्रयोग आहे. पियानोचा किंवा सतारीचा एक स्वर ध्वनिमुद्रित करावा आणि तो उलटा, म्हणजे शेवटाकडून आरंभाकडे वाजवावा. गणिताच्या दृष्टीने सुलट्या आणि उलट्या मुद्रणात त्याच वारंवारता त्याच प्रमाणात असतात, तसूभरही फरक नाही. पण कानाला पियानो ऐकू येत नाही. हळूहळू फुगत जाऊन एकदम तुटणारा, पेटीसारखा आवाज येतो. म्हणजे कोणते संनादी स्वर किती आहेत याइतकेच ते केव्हा येतात आणि केव्हा जातात हेही कानाला महत्त्वाचे वाटते. स्वतः हेल्महोल्ट्झ यांनाही याची जाणीव होती. स्वराच्या सुरुवातीच्या व शेवटाच्या खुणा त्यांनी नोंदवल्या होत्या, पण आपले विवेचन त्यांनी स्वराच्या स्थिर भागापुरते राखले. पुढे पाठ्यपुस्तकांत निष्कर्ष उतरला, त्याची मर्यादा मात्र उतरली नाही.

आपल्या दोन वाद्यांमध्ये हे कसे दिसते ते पाहू. ऑर्गनच्या नळीत हवा शिरल्याबरोबर हवेचा स्तंभ लगेच एका लयीत डोलू लागत नाही. पहिल्या काही शतांश सेकंदांत 'च्फ' असा, थुंकल्यासारखा आवाज येतो, त्यात वरचे संनादी स्वर आणि हवेची सुसू असते. मग मूळ स्वर बसतो. मोठ्या नळ्यांना याला अधिक वेळ लागतो. स्वर बसल्यावरही तो अगदी स्थिर नसतो. एकाच वेळी बऱ्याच पट्ट्या दाबल्या की भात्यातला दाब किंचित ढासळतो आणि सगळे स्वर क्षणभर हलतात.

हार्पसिकॉर्डमध्ये तर स्थिर भाग नसतोच. तार छेडल्या क्षणापासून स्वर विरत जातो, आणि त्यातही वरचे संनादी स्वर लवकर विरतात, खालचे सावकाश. म्हणून स्वर सुरुवातीला झगझगीत असतो आणि क्षणाक्षणाला मऊ होत जातो. तार कोठे छेडली यालाही महत्त्व आहे. लांबीच्या एकपंचमांशावर छेडली तर पाचवा संनादी उमटत नाही, कारण त्याचा निस्पंद बिंदू तिथेच असतो. एकाच उंचीच्या दोन तारा निरनिराळ्या जागी छेडून निर्मात्यांनी दोन वेगळे रंग मिळवले आहेत. शेवटी पट्टी सोडताना नखी तारेवर घासल्याचा आणि काठी खाली बसल्याचा 'खट्ट' आवाज येतो. हा खट्ट काढून टाकला तर अनुभवी कानाला हार्पसिकॉर्ड अपुरे वाटते.

आवाजाचे आकडे

यावर उपाय काय? सगळे घटक एकेक करून मोजत बसण्यापेक्षा खऱ्या वाद्याचा आवाजच जशाच्या तसा साठवून ठेवावा, हा एक विचार. डिजिटल पद्धतीत ध्वनिलहरीची उंची ठरावीक काळाने मोजतात आणि ते आकडे साठवतात. किती वेळा मोजायचे याचा नियम आहे. लहरीत जी सर्वांत मोठी वारंवारता असेल तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले, तर आकड्यांवरून मूळ लहर पुन्हा उभी करता येते. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, म्हणून सेकंदाला ४०,००० हून अधिक मोजण्या हव्यात. १९८२ मध्ये आलेल्या ध्वनिचकतीसाठी, म्हणजे सीडीसाठी, ४४,१०० हा आकडा ठरला. प्रत्येक मोजणी १६ द्विमान अंकांत, म्हणजे २¹⁶ = ६५,५३६ पायऱ्यांमध्ये लिहितात.

१९७१ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅलन ऑर्गन कंपनीने पहिला डिजिटल ऑर्गन विक्रीस आणला. त्याचे तंत्र विमान आणि अवकाश क्षेत्रात काम करणाऱ्या नॉर्थ अमेरिकन रॉकवेल या कंपनीच्या साह्याने तयार झाले होते. त्या काळी स्मृतिसाठा अतिशय महाग होता. त्यामुळे नळीच्या स्वराचे एकच आवर्तन आकड्यांत साठवायचे आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा वाजवायचे, अशी योजना होती. स्वराचा चढ-उतार वेगळ्या मंडलाने द्यायचा. आकार अचूक होता, पण तेच आवर्तन हजारो वेळा तंतोतंत तसेच आले की कान कंटाळतो. खऱ्या नळीची दोन आवर्तने कधीही तंतोतंत सारखी नसतात.

स्मृतिसाठा स्वस्त झाला तसे हे चित्र पालटले. आता प्रत्येक नळीचा प्रत्येक स्वर आरंभापासून शेवटपर्यंत मुद्रित करता येतो. साठा किती लागेल याचा हिशेब वर्गात करण्यासारखा आहे. डावा आणि उजवा असे दोन मार्ग, प्रत्येक मोजणीला २ बाइट, सेकंदाला ४४,१०० मोजण्या. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. ऑर्गनमध्ये ५० रांगा आणि प्रत्येकीत ६१ नळ्या धरल्या तर ३,०५० नळ्या झाल्या. प्रत्येकीचा १० सेकंदांचा आवाज घेतला तर एकूण सुमारे ५३८ कोटी बाइट होतात. १९७१ मध्ये ही कल्पनाही कोणी केली नसती. आज खिशातल्या स्मृतिपट्टीवर ते सहज मावते. २००० नंतर आलेल्या हाउप्टवेर्क या संगणक-प्रणालीने हा मार्ग सर्वसामान्य वादकांना खुला केला. ग्रँडऑर्ग ही तशीच प्रणाली विनामूल्य मिळते.

या कामात एक अनपेक्षित अडचण आली, ती स्वराच्या शेवटाची. चर्चमध्ये पट्टी सोडल्यावरही घुमारा काही सेकंद ऐकू येतो. पट्टी क्षणभरच दाबली असेल तर वास्तू पुरती भरत नाही आणि घुमारा हलका असतो. बराच वेळ दाबली तर तो पूर्ण भरून येतो. म्हणजे एकाच नळीचे शेवट एकाहून अधिक. म्हणून आता मुद्रण करताना आखूड, मध्यम आणि दीर्घ दाबाचे निरनिराळे शेवट घेतात, आणि वादकाने पट्टी किती वेळ धरली ते पाहून संगणक त्यातला योग्य तो जोडतो. ऑर्गनच्या बाबतीत वास्तू हाही वाद्याचाच एक भाग आहे, हे इथे स्पष्ट होते.

मुद्रणाऐवजी नियम

दुसरा विचार याच्या उलट दिशेने जातो. आवाज साठवण्याऐवजी आवाज करणारी वस्तूच गणितात मांडावी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे. संगणकात २०० आकड्यांची एक रांग घ्यावी आणि त्यात वाटेल ते आकडे भरावेत. सेकंदाला ४४,१०० या वेगाने ते एकामागून एक कर्ण्याकडे पाठवावेत. प्रत्येक आकडा पाठवल्यावर त्याच्या जागी तो आणि त्याच्या शेजारचा आकडा यांची सरासरी लिहावी. रांग संपली की पुन्हा सुरुवातीपासून. बस्स, एवढेच. यातून सुमारे २२० हर्ट्झचा, छेडलेल्या तारेसारखा स्वर ऐकू येतो!

असे का व्हावे? २०० आकड्यांची रांग सेकंदात सुमारे २२० वेळा फिरते, म्हणून तेवढी वारंवारता. सुरुवातीचे आकडे वेडेवाकडे असल्याने त्यात सगळेच संनादी स्वर भरपूर असतात, तार नुकतीच छेडल्यासारखे. सरासरी घेतली की आकड्यांतले तीव्र चढउतार बोथट होतात. तीव्र चढउतार म्हणजे वरचे संनादी स्वर. ते आधी विरतात, खालचे मागे राहतात. खऱ्या तारेतही लहर दोन्ही टोकांवरून परतत राहते आणि प्रत्येक फेरीत वरच्या वारंवारतांची ऊर्जा अधिक वेगाने खर्च होते. सरासरीची ती एक ओळ तारेतील ऊर्जाक्षयाचे काम करते.

हार्पसिकॉर्डसाठी मात्र एवढ्याने भागत नाही. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये हार्पसिकॉर्डचे असे प्रारूप प्रसिद्ध केले. त्यात तारेचे गणित होते, लाकडी ध्वनिपट्टाच्या प्रतिसादाचे गणित होते, आणि स्वर विरताना त्याचा जोर जो किंचित कमीजास्त होत राहतो त्यासाठी वेगळी सोय होती. पट्टी सोडतानाचा 'खट्ट' मात्र त्यांनी खऱ्या वाद्यावरून मुद्रित करूनच घेतला. फ्रान्समधील तुलूझच्या मोडार्ट कंपनीने २००६ पासून पियानोटेक या नावाने अशीच गणिती प्रारूपे विक्रीस आणली, त्यात हार्पसिकॉर्डही आहेत. मुद्रित संचाला जिथे अब्जावधी बाइट लागतात, तिथे अशा प्रारूपाचे काम त्याच्या लहानशा भागात होते.

दोन्ही मार्गांतला भेद शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखा आहे. मुद्रण करणाऱ्याला आवाज का तसा येतो हे माहीत नसले तरी चालते. प्रारूप करणाऱ्याला ते माहीत असावेच लागते. आपल्याला काय कळलेले नाही, ते त्याचा कृत्रिम आवाज लगेच उघड करतो. मुद्रणाला दुसरीही मर्यादा आहे. ज्या दिवशी मुद्रण झाले त्या दिवशीचे वाद्य तेवढे त्यात राहते. तरी त्याचे मोल कमी नाही. नोत्र दामला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली, तेव्हा ऑर्गन जळाला नाही, पण वितळलेल्या छताच्या शिशाची धूळ त्याच्यावर बसली. नळ्या उतरवून, साफ करून, पुन्हा सुरात लावून तो डिसेंबर २०२४ मध्ये परत बोलू लागला. सगळ्याच वाद्यांचे नशीब इतके चांगले नसते.

सूर लावण्याचा प्रश्न

डिजिटल वाद्याने एक गोष्ट मात्र खऱ्या वाद्यापेक्षा सोपी केली आहे, ती म्हणजे सूर बदलणे. सा २४० हर्ट्झ धरला तर त्याच्याशी पूर्ण जुळणारा शुद्ध गंधार ५/४ पट, म्हणजे ३०० हर्ट्झ येतो. पण सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या पेटीवर तो २४० × २^(४/१२), म्हणजे सुमारे ३०२.४ हर्ट्झ असतो. दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या की सा चा पाचवा संनादी १,२०० हर्ट्झ आणि गंधाराचा चौथा सुमारे १,२०९.५ हर्ट्झ यांची टक्कर होते आणि सेकंदाला नऊ-दहा थरथरी ऐकू येतात. यांना आपण विस्पंद म्हणतो. पंचम मात्र जवळजवळ शुद्ध असतो, तिथे सेकंदाला एकही पुरता विस्पंद होत नाही.

बाखच्या आधीच्या युरोपात बरेचसे ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड समान विभागणीत लावत नसत. एका प्रचलित पद्धतीत गंधार शुद्ध ठेवत, त्यासाठी पंचम थोडे उतरवत, आणि सगळी चूक एका कोपऱ्यात ढकलत. तिथला पंचम इतका बिघडे की त्याला 'लांडगा' हे नाव पडले. त्या काळच्या रचना तशाच सुरांत ऐकल्या तर काही स्वरसंगती शांत आणि काही बोचऱ्या वाटतात, आणि रचनाकाराने हा फरक हिशेबात घेतला होता हे उमगते. खरे हार्पसिकॉर्ड नव्या पद्धतीत लावायला बराच वेळ लागतो. ऑर्गनच्या हजारो नळ्या पुन्हा लावणे तर जवळजवळ अशक्यच. डिजिटल वाद्यात बारा आकड्यांचा एक तक्ता बदलला की झाले. रोलँड कंपनीच्या सी-३० या डिजिटल हार्पसिकॉर्डमध्ये अशा जुन्या पद्धती आणि ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झची, म्हणजे सुमारे एक पट्टी खालची मांडणी, खटक्यासरशी निवडता येते.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर घातलेली बंदी तीन दशके टिकली आणि १९७१ मध्ये सैल झाली. तिच्यामागे मींड काढता न येण्याइतकाच या ठरीव, समान विभागणीच्या सुरांचा आक्षेप होता.

दोष की ओळख?

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. नळीची सुसू, काठीचा खट्ट, भात्याचा ढासळता दाब यांना अभियंता आधी दोष समजतो आणि गाळून टाकतो. मग आवाज निर्जीव लागतो आणि ते 'दोष' परत आणावे लागतात. हॅमंडच्या यंत्राचीच गोष्ट घ्या. पट्टी दाबताना त्यात 'टक्' असा आवाज येई. निर्मात्यांना तो दोष वाटत होता. जॅझ वादकांना मात्र तो आवडला. चकत्यांच्या हॅमंड ऑर्गनचे उत्पादन १९७० च्या दशकात थांबले, आणि आज त्याची डिजिटल नक्कल करणारे हा 'टक्' मुद्दाम घालतात. नक्कल म्हणून जन्मलेल्या यंत्राची आता नक्कल होते, तीही त्याच्या दोषांसह.

काही गोष्टी अजून पुरत्या साधलेल्या नाहीत. हजारो नळ्यांचा आवाज हजारो जागांहून येतो, डिजिटल ऑर्गनचा मोजक्या कर्ण्यांतून. हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्याच्या बोटाला नखी तारेला भिडल्याचा आणि सुटल्याचा क्षण जाणवतो, आणि त्या जाणिवेवर त्याची लय बेतलेली असते. काही डिजिटल वाद्यांच्या पट्ट्यांत तसा सूक्ष्म अडथळा ठेवतात, तो याचसाठी. वाद्य हे ऐकण्याइतकेच हाताने जाणण्याचेही असते.

मग वर्गात काय सांगावे? आम्हांला वाटते, पाठ्यपुस्तकातले वाक्य खोडू नये, वाढवावे. स्वराचा गुण त्यातील संनादी स्वरांवर अवलंबून असतो. शिवाय ते संनादी स्वर काळानुसार कसे येतात-जातात, स्वराचा आरंभ आणि शेवट कसा होतो, आणि तो कोणत्या जागेत वाजतो यांवरही.

वर्गात करून पाहा

१. भ्रमणध्वनीवर सतार, एकतारी किंवा ताणलेल्या तारेचा एक स्वर मुद्रित करा. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीत तो उलटा वाजवा. मग सुलट्या मुद्रणाचा पहिला दशांश सेकंद कापून वाजवा. कापलेला आवाज न सांगता दुसऱ्या वर्गातल्या मुलांना ऐकवा आणि वाद्य ओळखायला सांगा. उत्तरांची नोंद ठेवा.

२. पेटीवर सा आणि शुद्ध ग एकदम दाबून धरा. थरथर मोजता येते का पाहा. मग सा आणि प दाबा. फरकाचे कारण वरच्या हिशेबावरून मुलांना शोधू द्या.

३. संगणकाची ओळख असलेल्या मुलांनी २०० आकड्यांची रीत स्वतः लिहून पाहावी. रांग १०० किंवा ४०० आकड्यांची केली तर काय होईल, ते आधी सांगावे आणि मग ऐकावे. दोन आकड्यांऐवजी तीन आकड्यांची सरासरी घेतली तर स्वर लवकर विरेल की उशिरा? त्याचे कारणही मुलांनी वहीत लिहावे.